भंगारात घालण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. माकणीत त्या दिवशी कुणाला काही जाणवलं नाही. आदल्या दिवशी चालणारे कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशीही सुरू झाले. पण तेव्हापासून माझ्या दुकानात एक प्रश्न रोजचा झाला आहे. "ताई, ह्यात नवं विंडोज बसतंय का बगा, न्हाईतर भंगारात घालावं म्हणतोय."

बहुतेकांच्या कॉम्प्युटरच्या डब्यात ते बसत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. माझ्याकडे येणारे डबे त्याच्या कितीतरी आधीचे असतात. त्यातले बरेचसे बिघडलेले नसतात. पंखा फिरतो, पडदा उजळतो, कीबोर्डची अक्षरं पुसली असली तरी कळा दबतात. अशा चालत्या यंत्राला भंगाराचा रस्ता दाखवायचा म्हटलं की माझ्या जिवावर येतं. म्हणून हा लेख.

मी माकणीत झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं आमचं गाव बाहेरच्यांना निम्न तेरणा धरणामुळे किंवा १९९३ च्या भूकंपाच्या पट्ट्यातलं म्हणून ठाऊक असतं. या पट्ट्यातल्या माणसांना वस्तू टाकून देणं सहज जमत नाही. ढिगाऱ्यातून काढलेलं पितळेचं भांडं अजून वापरणारी घरं मी पाहिली आहेत. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र "जुनं झालं, आता काही होत नाही" हे वाक्य आपण फार लवकर मान्य करतो, कारण तसं सांगणारा दुकानदारच असतो.

गावात हे कॉम्प्युटर आले कुठून ते आधी सांगते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं, तसे एकेका खोलीत दहा-दहा कॉम्प्युटर मांडले गेले. पुढे शाळांमध्ये आयसीटी योजनेच्या प्रयोगशाळा आल्या, ग्रामपंचायतीत २०११ च्या सुमारास संग्राम केंद्रं आली. वर्ग बंद पडले, करार संपले, ऑपरेटर बदलले. यंत्रं जागेवर राहिली, नाहीतर कुणाच्या तरी घरात प्लास्टिकच्या झाकणाखाली गेली. त्यातले बहुतेक पेंटियम ४, पेंटियम ड्युअल कोअर किंवा कोअर टू ड्युओ. मदरबोर्ड उघडला की हमखास जी-३१ चिपसेटचा निघतो. लातूरच्या बाजारात एके काळी तोच सगळ्यात जास्त खपायचा.

हे डबे हळू का झाले? प्रोसेसर म्हातारा होत नाही. २००८ साली तो एका सेकंदात जेवढी आकडेमोड करत होता तेवढीच आजही करतो. वाढली ती त्याच्याकडून होणारी मागणी. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा ६४ एमबी रॅमवर सुरू होऊ शकत होतं. विंडोज ७ ला २००९ मध्ये १ जीबी लागायची, ११ ला चार. शिवाय मागच्या बाजूला अपडेट, अँटिव्हायरस, शोध, जाहिराती यांची सतत हालचाल. रॅम संपली की कॉम्प्युटर उरलेला पसारा हार्ड डिस्कवर ठेवतो आणि तिथून उचलतो. जुनी फिरणारी डिस्क या उचल-ठेवीत दमते. आपण त्याला हँग होणं म्हणतो. वय झालेला बैल कुणी नांगराला जुंपत नाही, पण कोळपणीला तो अजून चांगला चालतो. जुन्या कॉम्प्युटरला कोळपणीचं काम द्यायचं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यासाठी त्याच्यावर हलकी ऑपरेटिंग सिस्टिम लागते. तशा सिस्टिम जगात भरपूर आहेत, फुकट आहेत आणि कायदेशीरही आहेत.

त्या बहुतेक लिनक्सवर उभ्या आहेत. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये स्वतःच्या ३८६ कॉम्प्युटरसाठी लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प चालवला होता. प्रोग्रॅम वापरायचा, त्याचं आतलं लिखाण वाचायचं, त्यात बदल करायचा आणि तो दुसऱ्याला द्यायचा, हे चारही हक्क वापरणाऱ्याला असले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. या दोन प्रवाहांवर ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं. आमच्याकडे भूकंप झाला तो त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरला पहाटे. तेव्हा मी लहान होते, गावात कॉम्प्युटर नव्हता. आज माझ्या दुकानातल्या बऱ्याच डब्यांत डेबियनचंच कुळ चालतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लिनक्स म्हणजे हलकं, असं नाही. गाभा तोच असतो. त्याच्यावर दिसणारं घर, म्हणजे खिडक्या, मेनू, चित्रं, मागे चालणाऱ्या सेवा, हे वेगवेगळ्या वजनाचं असतं. मोठ्या कंपन्या जे लिनक्स देतात तेही जुन्या जी-३१ वर धापा टाकतं. हलक्या सिस्टिम करणाऱ्यांनी हे घर जाणूनबुजून लहान ठेवलं आहे. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं पपी लिनक्स सबंध रॅममध्ये जाऊन बसतं. हार्ड डिस्क मेलेली असली तरी चालतं. टायनी कोअर तर पडद्यासकट २५ एमबीच्या आसपास आहे, मोबाइलवर येणाऱ्या एखाद्या लग्नाच्या व्हिडिओएवढं. मी सगळ्यात जास्त वापरते ते अँटीएक्स. ते ग्रीसमधून चालवलं जातं, डेबियनवर बांधलेलं आहे आणि सुरू झाल्यावर २०० एमबीच्या जवळपास रॅम घेतं. १ जीबी रॅमच्या डब्यातली बाकी सगळी रॅम मग आपल्या कामाला मोकळी राहते. थोडा बरा कॉम्प्युटर असेल, २ जीबीच्या वर रॅम असेल, तर एमएक्स लिनक्स किंवा लुबुंटू टाकावं. ते बघायलाही सोपं वाटतं.

सिस्टिम टाकण्याआधी डबा उघडावा लागतो आणि माझ्या मते निम्मी दुरुस्ती तिथेच होते. आमच्याकडची धूळ काळ्या रानाची. ती पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरच्या जाळीत नमद्यासारखी जमते. मग प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग आपणच कमी करतो. ब्लोअर मारायचा तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळा फिरू दिला तर त्याचं बेअरिंग जातं. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या पेटीत पाल मेलेली सापडणं नवीन नाही. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावायची. रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, कचरा झटकायचा, खटका वाजेपर्यंत परत बसवायची. "चालूच होत नाही" म्हणून आलेले कितीतरी डबे एवढ्यावर बीप देऊन उठतात. मदरबोर्डावरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, त्यांच्यातून तपकिरी रस आलेला असला, तर मात्र त्या बोर्डावर खर्च करू नये. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या बोर्डांमध्ये हा दोष जगभर दिसला होता.

मग येतो तो सेल. मदरबोर्डावर चपटा, गोल, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सीआर २०३२ सेल असतो. लाइट नसताना तारीख-वेळ तोच सांभाळतो. तो संपला की कॉम्प्युटर प्रत्येक वेळी जुनं कुठलं तरी साल दाखवत उठतो. गिऱ्हाईक येऊन सांगतं की इंटरनेट बंद आहे, एकही वेबसाइट उघडत नाही. खरं तर इंटरनेट ठीक असतं. आजच्या वेबसाइटी आपल्या ओळखीचा डिजिटल दाखला दाखवतात, त्या दाखल्यावर मुदत असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज २००७ साल असेल, तर तो दाखला अजून सुरूच झालेला नसतो, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या सेलने हा रोग बरा होतो. त्यासाठी विंडोज नवं घ्यावं लागत नाही आणि कॉम्प्युटर तर नाहीच नाही.

डबा स्वच्छ झाला की पेनड्राइव्ह. दुसऱ्या कॉम्प्युटरवर अँटीएक्सची फाइल उतरवून ती रुफस किंवा व्हेन्टॉय या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही. मग जुना डबा सुरू करताना एफ १२ किंवा डिलीटची कळ दाबून आधी पेनड्राइव्ह वाचायला सांगायचं. फार जुन्या बोर्डांना पेनड्राइव्हवरून उठता येत नाही, त्यांच्यासाठी सीडी किंवा डीव्हीडी लागते. या पद्धतीची मोठी सोय अशी की काहीही न टाकता सिस्टिम चालवून बघता येते. हार्ड डिस्कला हात लागत नाही. लेकीचे फोटो, सोसायटीचा हिशेब, सगळं जागेवर राहतं. गिऱ्हाइकासमोर मी आधी असंच चालवून दाखवते. आवाज येतो का, वायफाय पकडतं का, मराठी लिहिता येतं का, ते त्याने स्वतः बघायचं. पसंत पडलं तर जुना डेटा दुसरीकडे काढून मगच इन्स्टॉल.

इन्स्टॉल करण्याआधी प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट हे बघावंच लागतं. खूपदा विंडोज ३२-बिट टाकलेलं असतं आणि प्रोसेसर ६४-बिट असतो, मालकाला पत्ता नसतो. पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' हा आदेश दिला की उत्तर पहिल्या दोन ओळींत मिळतं. २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओपासून पुढचे डेस्कटॉप प्रोसेसर ६४-बिट आहेत. २००८ च्या आसपास विकले गेलेले छोटे नेटबुक, ॲटम एन २७० वाले, मात्र फक्त ३२-बिट. हा भेद का महत्त्वाचा आहे ते शेवटी सांगते.

आता मराठी. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ज्या कॉम्प्युटरवर ग्रामसभेचा ठराव मराठीत लिहिता येत नाही, तो आमच्या कामाचा नाही.

जुन्या विंडोजवर मराठी लिहायचं तर वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे, त्याचं डोंगल जपावं लागे आणि लिहिलेली फाइल दुसरीकडे उघडली की चौकोन आणि रोमन चिन्हांचा गोंधळ दिसे. कारण त्या फॉन्टांत 'क' हा खरा 'क' नसायचा. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हा त्रास संपला. लिनक्समध्ये युनिकोड मुळातूनच आहे. कीबोर्डच्या मांडणीत 'इंडियन' निवडलं की त्याखाली मराठीचा सुधारित इनस्क्रिप्ट पर्याय मिळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारने ठरवलेली मांडणी. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात ती आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठवडा-दोन आठवडे बोटं अडखळतात, मग बघायची गरज राहत नाही.

एक उदाहरण देते. 'तऱ्हा', 'दऱ्या', 'सुऱ्या' या शब्दांतला अर्धा र मराठीचा खास आहे. तो डोक्यावर रफार होऊन जात नाही, आडवा राहतो. इनस्क्रिप्टमध्ये आधी त, मग शिफ्ट धरून र ची कळ, मग हलन्ताची, मग ह आणि शेवटी काना. 'तऱ्हा' बरोबर उमटतं. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या मुली पहिल्यांदा हे जमलं की पडद्याकडे बघत राहतात, कारण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना हा र त्यांना कधी नीट मिळालेला नसतो. काही मुक्त टंकांत, म्हणजे फॉन्टांत, मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ल आणि श सुद्धा आपल्या वळणाचे होतात. रेड हॅट कंपनीने लोहित हे टंक खुले केले, मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेने 'मुक्त' नावाचा टंक दिला. दोन्ही फुकट वापरता येतात आणि जुन्या डब्यावरही तितकेच सुबक दिसतात, कारण अक्षराच्या वळणाला रॅम लागत नाही.

अडचण आहे ती मेनूंची. लिबर ऑफिस आणि फायरफॉक्स मराठीत मिळतात, पण हलक्या डेस्कटॉपांचे मराठी अनुवाद अर्धवट आहेत. एक ओळ मराठी, दुसरी इंग्रजी असं दिसतं. हे काम पगारी माणसं करत नाहीत, तुमच्या-माझ्यासारखे लोक वेळ काढून करतात. महाराष्ट्रात मराठी विषय घेऊन दरवर्षी किती तरी मुलं पदवीधर होतात. त्यातल्या मूठभरांनी एक सुट्टी या कामाला दिली तर आमच्या शाळेतल्या लेकरांना पूर्ण मराठी कॉम्प्युटर मिळेल. ही सोय होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिकायचं कुठे, असं विचारतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिबर ऑफिस अशा विषयांचे छोटे छोटे धडे केले आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजात आहेत. सीडॅकने डेबियनवरच बांधलेलं बॉस हे भारतीय लिनक्स २००७ मध्ये काढलं. ते चांगलं आहे, पण अगदी जुन्या डब्यांसाठी मी अँटीएक्सच सुचवते.

मग अशा कॉम्प्युटरवर होतं काय? अर्ज, ठराव, बायोडेटा लिहिणं. बचत गटाची खतावणी लिबर ऑफिसच्या कॅल्कमध्ये ठेवणं. दूध संकलनाची रोजची नोंद. वाचनालयाचं पुस्तकांचं रजिस्टर. टायपिंगचा सराव. लहान मुलांना चित्रं काढायला टक्स पेंट. आणि ज्याचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं ते किविक्स. या प्रोग्रॅमने सबंध मराठी विकिपीडिया, म्हणजे लाखाच्या आसपास लेख, एकदा उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतो. पावसाळ्यात टॉवर गेला तरी मुलांना तेरणा, पानशेत, चरक, शून्य, काय हवं ते शोधता येतं.

काय होत नाही तेही सांगते, नाहीतर लोक फसतील. बोटाचा ठसा घेणारी बरीचशी यंत्रं आणि डिजिटल सहीचे काही डोंगल लिनक्सवर चालत नाहीत, म्हणून आपले सरकार केंद्राचा मुख्य कॉम्प्युटर मी विंडोजचाच ठेवला आहे. हिशेबाचा जो प्रोग्रॅम आडतीच्या दुकानात चालतो तो विंडोजसाठीच लिहिलेला आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच ओळखले जातात, पण आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा एक छोटा लेसर प्रिंटर लिनक्सवर बसवताना नाकी नऊ येतात. विकत घेण्याआधी विचारून घ्यावं. यूट्यूबचा व्हिडिओ जुन्या डब्यावर अडखळतो, ऑनलाइन वर्गात कॅमेरा आणि आवाज दोन्ही चालवणं त्याला झेपत नाही. आजच्या वेबसाइटीच जड आहेत, तिथे हलकी सिस्टिम पुरी पडत नाही. चार टॅबच्या वर उघडू नयेत. पेंटियम ३ वर तर आजचा फायरफॉक्स सुरूच होत नाही, कारण त्याला लागणाऱ्या एसएसई २ सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत.

आणि लाइट बिल. जुना पेंटियम ४ आणि त्याच्यासोबतचा पोटवाला मॉनिटर मिळून दीडशे-दोनशे वॅट सहज खातात. रोज पाच तास चालवला तर जवळपास एक युनिट. तोच लॅपटॉप असेल तर वीस-तीस वॅटमध्ये काम भागतं. त्यामुळे पेंटियम ४ जिवंत ठेवण्याचा मी कुणाला आग्रह करत नाही. कोअर टू ड्युओ किंवा त्यानंतरचा डबा, चपटा मॉनिटर, रॅम २ ते ४ जीबी आणि जमलं तर एक छोटी एसएसडी म्हणजे न फिरणारी डिस्क, ही जोडणी फायद्याची आहे. जी-३१ बोर्डावर जास्तीत जास्त ४ जीबी डीडीआर २ बसते, तेवढी पुरते. आणि पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर एसएसडीत घालावेत, फरक लगेच दिसतो.

गावातल्या शाळेत कमी ताकदीच्या यंत्रावर मुलं शिकू शकतात का, याचा मोठा प्रयोग आपल्याच राज्यात होऊन गेला आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. देशातला तो त्या प्रकल्पाचा पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, साठवण १ जीबी. सिस्टिम लिनक्सवर बांधलेली. आज भंगारात जाणारा कोणताही कोअर टू ड्युओ त्याच्या कितीतरी पुढे आहे. तो प्रकल्प पुढे देशभर पसरला नाही, पण यंत्र लहान होतं म्हणून मुलं अडली असं कुणी म्हणू शकत नाही. केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर अभ्यासक्रमातच घेतलं, शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण दिलं आणि गेली अनेक वर्षं ते टिकवलं. आपल्याकडे प्रयोगशाळेला कुलूप लागतं ते बहुधा यंत्र जुनं झाल्यामुळे लागत नाही. ते चालवायची जबाबदारी कुणाचीच नसते, म्हणून लागतं. शाळेतल्या एका सरांनी किंवा बाईंनी मनावर घेतलं की कुलूप निघतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

भंगाराची दुसरी बाजूही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाला. पोटवाल्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. गावात आलेला भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळतो, तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रालाच माल द्यावा असं ते सांगतात. पण माकणीहून तिथपर्यंत एक डबा कोण घेऊन जाणार? म्हणून जे चालतं ते जितकी वर्षं चालेल तितकी चालवावं आणि खरोखर मेलेले डबे गावाने एकत्र साठवून एकदम पाठवावेत. ग्रामपंचायतीला हे अवघड नाही.

आता ३२-बिटचं. जुन्या यंत्रांसाठी मुक्त सॉफ्टवेअरही कायम थांबून राहत नाही, ज्याने त्याने हे समजून घ्यावं. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मलं, त्याचा आधार गाभ्यातून २०१२ च्या डिसेंबरमध्ये काढला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. मोझिलाने ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची नवी आवृत्ती काढणं १४४ नंतर थांबवलं. कारण सरळ आहे. प्रत्येक आवृत्ती जुन्या यंत्रांवर तपासून बघणारी माणसं कमी झाली आणि त्यातली बरीच बिनपगारी होती. त्यांनी इतकी वर्षं केलं त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

तेव्हा घरात, शाळेत, सोसायटीत झाकून ठेवलेला डबा असेल तर आधी तो उघडून स्वच्छ करा, सेल बदला आणि प्रोसेसर तपासा. ६४-बिट निघाला तर बिनधास्त हलकं लिनक्स टाका, अजून बरीच वर्षं तो कामाला येईल. ३२-बिट निघाला तर डेबियन १२ वर बांधलेली सिस्टिम टाका, तिला सुरक्षेची ठिगळं ३० जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. त्यानंतर त्याला इंटरनेट जोडू नका, टायपिंग आणि हिशेबापुरता ठेवा. आणि भंगारात द्यायचंच ठरवलं तर हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नका. तुमची आधार कार्डं, सातबारे, बँकेची पासबुकं त्यातच आहेत.